सिग्नल सुटायच्या आत

सहलीच्या आधीच्या पालकसभेत आमच्या गावात एकच भीती बोलली जाते : पोरं पळवणाऱ्यांची. लाखनी तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेची सहल नागपूरला जाणार म्हटलं की कोणाची तरी आजी उठते आणि शहरातल्या टोळीची गोष्ट सांगते. मग कोणी पाकीटमाराची सांगतो, कोणी मेट्रोच्या दारात सापडणाऱ्या हाताची. सहावी ते आठवीची मुलं घेऊन मी नागपुरात बरीच वर्षं पायी फिरते आहे. टोळी काही अजून भेटलेली नाही. दर वेळी भेटतो तो डावीकडे वळणारा दुचाकीवाला. त्याच्यासाठी सिग्नल कधी लाल होतच नाही.

सहलीची सुरक्षितता म्हणजे आमच्या खात्यात आधी कागद. 2016 च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पालकांची संमतीपत्रं, दहा मुलांमागे एक शिक्षक, मुलींसोबत शिक्षिका, पाण्याच्या जागा टाळायच्या, प्रथमोपचार पेटी घ्यायची, खासगी गाडी नको तर एस.टी.चा प्रासंगिक करार करायचा. फाइल जाडजूड होते. त्या फाइलमध्ये एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही : ही चाळीसेक पोरं सीताबर्डीचा व्हरायटी चौक ओलांडणार कशी?

पुष्कळ शाळा हा प्रश्न टाळतात. बस थेट दारात, दारातून आत, आतून पुन्हा बसमध्ये. मुलं नागपूर पाहतात ते काचेतून, आणि परतीच्या वाटेवर मौद्याच्या पुढे झोपतात. ही सहल सुरक्षित असते हे मला मान्य आहे. पण यातली निम्मी मुलं दहावी-बारावीनंतर त्याच शहरात आयटीआयला, नर्सिंगला, पोलीस भरतीच्या तयारीला किंवा नुसती कामाला जाणार आहेत. तेव्हा हात धरायला कोणी नसेल. म्हणून आम्ही चालतो.

आमची वाट आता ठरून गेली आहे. सकाळी निघायचं, कारध्याला वैनगंगा ओलांडायची, भंडारा, मौदा, मग पारडी. डिसेंबर 2022 मध्ये मेट्रो पूर्वेकडे प्रजापतीनगरपर्यंत आली आणि आमचं काम फार सोपं झालं. बस तिथंच सोडायची आणि सीताबर्डीपर्यंत मेट्रो. तिकडून पायी : व्हरायटी चौक, मॉरिस कॉलेजचा टी पॉइंट, झिरो माईलचा चार घोड्यांचा खांब, बाहेरून विधानभवन, आणि शेवटी अजब बंगला. 1863 चं हे संग्रहालय सरकारी कागदावर मध्यवर्ती संग्रहालय असलं तरी नागपूरकरांना अजब बंगलाच माहीत आहे. ते सोमवारी बंद असतं, हे सहलीची तारीख ठरवण्याआधी लक्षात ठेवावं. सीताबर्डीचा किल्ला मुलांना खालूनच दाखवावा लागतो. तो लष्कराच्या ताब्यात आहे, लोकांसाठी वर्षातून मोजक्या दिवशी, म्हणजे 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला उघडतो. 1817 ची लढाई टेकडीकडे बोट दाखवून सांगताना मी मुलांना आधी भिंतीच्या कडेला उभं करते. मान वर करून चालणारा माणूस शहरात पहिला आपटतो.

तसं आमच्या मुलांना चालायला शिकवावं लागत नाही. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून ती एकामागे एक अशी चालतात की शहरातल्या मुलांना जमायचं नाही. नजर पायाशी, कारण चिखल आहे, बीळ आहे, पावसाळ्यात साप आहे. डोक्यावर डबा, हातात चप्पल, आणि तोल जात नाही. हीच सवय घेऊन ती सीताबर्डीत उतरतात. नजर पायाशी, एकामागे एक. तिथं धोका पायाखालून येत नाही, बाजूने येतो, आणि कधी कधी आवाजही न करता येतो. विजेवरची शहर बस आणि ई-रिक्षा मागून आल्याचं कळतच नाही. गावात ट्रॅक्टर दोन शेतं पलीकडून ऐकू येतो. कानाच्या भरवशावर रस्ता ओलांडायची सवय लागलेल्या मुलांना मी आता मेट्रोतून उतरल्याबरोबर पाच मिनिटं नुसतं उभं करते. बोलायचं नाही, फक्त बघायचं. कोणती गाडी आवाज न करता गेली, कोणती उलट्या बाजूने आली, सिग्नल लाल असताना कोण थांबलं नाही. पोरं मोजायला लागतात आणि त्यांना मजा वाटते. एक मुलगा एकदा म्हणाला, “मॅडम, लाल दिवा कोनासाठी आहे जी? कोनी थांबतच नाई.” त्या दिवसाचा धडा तिथंच झाला होता.

‘लेफ्ट फ्री’ ही चीज पुस्तकात नाही. पाठ्यपुस्तकात चित्र असतं : लाल दिवा, गाड्या ओळीने थांबलेल्या, झेब्रा पट्ट्यांवरून हसत जाणारी मुलं. नागपुरात कित्येक चौकांत डावीकडे वळायला सिग्नल लागत नाही. समोरच्या गाड्या थांबल्या म्हणजे रस्ता थांबला असं मुलाला वाटतं, ते पाऊल टाकतं, आणि त्याच क्षणी कोपऱ्यावरून एक मोटारसायकल वळते. वळणाऱ्याचं लक्ष उजवीकडून येणाऱ्या गाड्यांवर असतं, डावीकडून उतरणाऱ्या पोरावर नसतं. म्हणून आमचा नियम दिव्याचा नाही, चालवणाऱ्याच्या डोळ्यांचा. त्याने आपल्याकडे पाहिलं, वेग कमी केला, मगच पाऊल. हेल्मेटची काच काळी असेल तर त्याने पाहिलं नाही असंच धरायचं. एकेरी रस्त्यावरही दोन्हीकडे बघायचं, कारण ‘वन वे’ची पाटी ही आपल्याकडे पुष्कळांच्या लेखी विनंती असते.

आडव्या फळीची गोष्ट मला एका वाहतूक हवालदाराने शिकवली. आम्ही चौकात शाळेतल्यासारखी शिस्तीत उभी रांग करून थांबलो होतो. तो आला, रांगेच्या शेवटापर्यंत नजर टाकली आणि म्हणाला, “मॅडम, ही आगगाडी पलीकडे जाईस्तोवर दोन सिग्नल होतील. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. आडवी लावा.” त्याचं गणित सरळ होतं. चाळीस मुलं एकामागे एक गेली तर शेवटचं मूल रस्त्यावर पाय ठेवेपर्यंत गाड्या सुटलेल्या असतात. तीच मुलं फुटपाथच्या कडेला खांद्याला खांदा लावून उभी केली आणि दहा-दहांच्या फळीत एकदम सोडली, तर प्रत्येक फळी रस्ता तेवढ्याच वेळात ओलांडते जेवढा एका मुलाला लागतो. शिवाय दहा मुलांची फळी चालकाला लांबून दिसते, रांगेचं टोक दिसत नाही. येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला मोठा माणूस उभा राहतो. एक शिक्षक सर्वांत आधी पलीकडे जातो आणि एक सर्वांत शेवटी निघतो. शेवटी येणाऱ्याने मध्येच पुढे यायचं नाही, कोणी कितीही हाक मारली तरी. तेव्हापासून शाळेच्या मैदानात सहलीच्या आधी चुन्याने रस्ता आखून आम्ही हा सराव करतो. आठवीची दोन मुलं मोटारसायकल होतात आणि मुद्दाम सिग्नल तोडतात. कवायतीपेक्षा याला गर्दी जास्त.

आता फुटपाथ. शहरातला फुटपाथ म्हणजे चालायची जागा असं मुलांना सांगणं मी सोडून दिलं आहे. त्यावर विजेची डीपी असते, पानठेला असतो, उभ्या केलेल्या गाड्या असतात, अर्धवट उघडं चेंबर असतं. मग मुलं खाली रस्त्यावर उतरतात, चार पावलांनी पुन्हा चढतात, आणि हे चढणं-उतरणंच सर्वांत वाईट, कारण मागून येणाऱ्याला त्याचा अंदाज नसतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत फुटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. मी एकदा पट्टी नेऊन मुलांकडून मोजून घेतली होती. गणिताचा तास तिथं रस्त्यावरच झाला, आणि 1.8 भरेल असा तुकडा शोधता शोधता पोरं कंटाळली.

पाकीटमार आणि टोळ्यांबद्दल बोलणाऱ्या पालकांना मी आता एक आकडा सांगते. 2022 मध्ये भारतातल्या रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून जास्त माणसं मेली, त्यातली 32 हजारांवर पायी चालणारी होती. म्हणजे जवळपास दर पाचवा. हे केंद्र सरकारच्याच अहवालातले आकडे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळा फुटपाथ हा घटनेच्या कलम 21 खाली, जगण्याच्या हक्कातच येतो असं सांगितलं. निकाल चांगला आहे. तो चौकात उतरेपर्यंत आम्हाला चालायचं आहेच, तेव्हा आम्ही आडव्या फळीतून जातो. पण “पोरांनो, जपून चाला” एवढं म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. जपायचं कोणी? बारा वर्षांच्या पोराने, की त्याच्या अंगावरून तिसऱ्या गिअरमध्ये गाडी वळवणाऱ्याने? मुलांना सावध करायचं आणि चूक त्यांची नाही हेही सांगायचं. दोन्ही एका दमात सांगता आलं पाहिजे.

एक गोष्ट पुरुष शिक्षकांच्या लक्षात येत नाही, म्हणून लिहिते. मुली पाणी पीत नाहीत. सकाळी निघताना घोटभर, मग दिवसभर तोंडाला बाटली लावल्याचं नाटक. कारण लघवीला जायचं कुठं? दुपारी उन्हात एखादी भोवळ येऊन बसते आणि मग सगळे म्हणतात, शहराची हवा सोसली नाही. हवा वगैरे काही नाही. नागपूरचं ऊन जानेवारीतही दुपारी चटका देतं, आणि पोटात पाणी नाही. गरगरलेली मुलगी रस्ता नीट बघत नाही, हा तिच्या तब्येतीइतकाच रस्त्याच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. आम्ही वाट आखतो तीच मुळी स्वच्छतागृहांवरून. मेट्रो स्टेशनवर एकदा, संग्रहालयात एकदा, मधला टप्पा लहान. थांबल्यावर मुलींना आधी, आणि मग सगळ्यांसमोर बाटली संपवायची. पाळीत असलेल्या मुलीला सोबत कोण हे आदल्या दिवशी ठरलेलं असतं, तिला मागून सांगत यावं लागत नाही.

हरवण्याबद्दल आमचा नियम एकच : हरवलास तर शोधायला जाऊ नकोस, जिथं आहेस तिथंच थांब. आम्ही मागे फिरू. दोघं एकमेकांना शोधत हिंडले की भेट होत नाही. थांबून मदत मागायचीच झाली तर चालत्या माणसाकडे मागायची नाही. दुकानात बसलेला, गणवेशातला मेट्रोचा कर्मचारी, किंवा लेकरू कडेवर घेतलेली बाई. अशी माणसं जागेवरून हलत नाहीत किंवा हलली तरी ओळखता येतात. खिशात आतल्या बाजूने शिक्षकांचे दोन नंबर, आणि तोंडपाठ 112 व 1098. पहिला पोलीस-अ‍ॅम्ब्युलन्सचा, दुसरा मुलांसाठीचा. गळ्यातल्या ओळखपत्रावर मात्र आम्ही मुलाचं नाव ठळक लिहीत नाही, शाळेचं लिहितो. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्याला ओळखीचा समजतं.

सातवीतली एक मुलगी एकदा अशीच मागे राहिली. गर्दीच्या रस्त्यावर बांगड्यांच्या ठेल्याजवळ तिची चप्पल तुटली, ती वाकली, आणि मागच्या फळीला वाटलं ती पुढच्या फळीत गेली. पलीकडे पोचून मोजणी केली तेव्हा एक कमी. शेवटी राहणारे सर मागे फिरले. ती ठेल्याला पाठ लावून उभी होती, हातात तुटकी चप्पल, आणि बांगडीवाली बाई तिला म्हणत होती की चल, मी तुला चौकात सोडून देते. पोरगी हलायला तयार नव्हती. “मॅडम म्हनल्या हलायचं नाई.” बाई चिडली होती, हट्टी पोरगी म्हणत होती. सरांनी तिचे आभार मानले आणि चप्पल सुतळीने बांधली. रडली ती संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर. आता पालकसभेत मी टोळीच्या गोष्टीला उत्तर म्हणून हीच गोष्ट सांगते.

शेवटची गोष्ट गर्दीची. ती मला पुस्तकातून कळली नाही, आमच्या गावातल्या एका आजींकडून कळली. त्या गोवारी समाजाच्या. 23 नोव्हेंबर 1994 ला विधानभवनावर गेलेल्या मोर्चात त्या होत्या. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडून हजारो माणसं आली होती, पुष्कळ बायका लेकरांना घेऊन. घरी लेकरू सोडायला कोणी नव्हतं हे एक, आणि आजी म्हणाल्या त्याप्रमाणे, “मोर्चाबी होईल, नागपूरबी पाहून होईल.” मोर्चा अडवला गेला. दिवसभर माणसं बसून राहिली. संध्याकाळी लाठीमार आणि पळापळ झाली, पुढे लोखंडी कठडे होते. 114 माणसं गेली, त्यात बायका आणि मुलंच जास्त. आजी वाचल्या त्या कशा, हे त्यांनाही सांगता येत नाही. “पाय भुईवर नवते,” एवढंच म्हणतात. झिरो माईलजवळ मेलेल्यांचं स्मारक आहे, आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचं नाव आहे. आमची मुलं त्या पुलाखालून जातात तेव्हा मी थांबून सांगते. माझ्या वर्गात दर वर्षी गोवारी समाजाची मुलं असतात. त्यांच्यापैकी काहींना घरी सांगितलेलं असतं, काहींना पहिल्यांदा तिथं कळतं.

त्या आजींनी मला बजावलं होतं, कठड्याजवळ लेकरं उभी करू नको. नंतर मी वाचत गेले तसं कळलं की त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. दाटीत माणसं बहुधा तुडवली जाऊन मरत नाहीत, उभ्याउभ्या श्वास कोंडून मरतात, कारण छातीला फुगायला जागा उरत नाही. 29 सप्टेंबर 2017 ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर 23 जण गेले ते असेच. मुलांना आम्ही हे सगळं सांगतो, घाबरवायचं म्हणून नाही. खांद्याला खांदा लागून हलता येईना की गर्दी वाढायची वाट पाहायची नाही, आत्ताच बाहेर पडायचं. सरळ मागे नाही, तिरपं, कडेकडे. दोन्ही हात छातीसमोर, मुठी बांधून, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. पडलेली चप्पल, बॅग, मोबाइल उचलायला वाकायचं नाही. भिंत, कठडा, बंद दार यांच्याकडे जायचं नाही. आमचे लोक दीक्षाभूमीला जातात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत पाहायला महालात जातात, कार्तिकी पौर्णिमेला रामटेकला जातात. गर्दी आमच्या आयुष्यात आहेच. ती टाळा असं सांगून उपयोग नाही.

यावरून एक प्रशासकीय गोष्ट सुचते, आणि ती मी केंद्रप्रमुखांच्या बैठकीत दोनदा मांडली आहे. सहलींची परवानगी नेमकी डिसेंबरात दिली जाते. धान कापून, मळून झालेलं असतं, पालकांच्या हातात दोन पैसे असतात, म्हणून सगळ्या शाळा तेव्हाच निघतात. आणि डिसेंबरातच नागपुरात हिवाळी अधिवेशन असतं. मोर्चे, अडवलेले रस्ते, कठडे, चौकाचौकांत बंदोबस्त. झिरो माईलचा परिसर त्या दिवसांत मुलांना पायी फिरवायचा नव्हे. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. पत्रक मात्र अजून डिसेंबरचंच निघतं.

आमच्या शाळेने आपल्यापुरता बदल केला आहे. सहल जानेवारीत, संक्रांतीनंतर, सोमवार सोडून कोणत्याही कामाच्या दिवशी, शाळा-ऑफिसांची सकाळची घाई संपल्यावर, म्हणजे साडेदहाच्या पुढे चालायला सुरुवात. दुपारी चारच्या आत पुन्हा मेट्रोत. भंडारा जिल्ह्यातल्या ज्या शिक्षकांना काचेतलं नागपूर दाखवायचा कंटाळा आला असेल, त्यांनी या वाटेने एकदा जाऊन बघावं. मुलं नेण्याआधी स्वतः जावं, एकट्याने, घड्याळ लावून. कोणता सिग्नल किती सेकंदांचा आहे ते वहीत लिहून आणावं आणि मैदानात चुन्याने तेवढाच रुंद रस्ता आखावा. चुन्याचा खर्च मुख्याध्यापक शाळेच्या सादिल खर्चातून देतात.